पर्णकर्तक मुंग्या : दोन शेतकऱ्यांचे वैर

संध्याकाळी हिरवेगार दिसलेले संत्र्याचे कोवळे झाड सकाळी पाहावे, तो नुसत्या काड्या उरलेल्या. टोळधाड आलेली नसते की गुरेही शिरलेली नसतात. झाडाखाली पानांचे कातरलेले तुकडे पडलेले असतात आणि तेथून निघून कुंपणापलीकडे जाणारी, झाडून काढल्यासारखी स्वच्छ, वीतभर रुंदीची वाट दिसते. ब्राझील, पॅराग्वे किंवा मध्य अमेरिकेतील शेतकऱ्याला त्या वाटेचा अर्थ सांगावा लागत नाही. पाने कातरणाऱ्या मुंग्या रात्रीत येऊन गेल्या, हे तो जाणतो.

या पर्णकर्तक मुंग्या दक्षिण आणि मध्य अमेरिकेतील शेतीचे सर्वांत जुने आणि चिवट शत्रू मानल्या जातात. त्यांच्याविरुद्ध माणसाने सुरुंगाच्या दारूपासून अत्यंत टिकाऊ रसायनांपर्यंत सर्व काही वापरून पाहिले. तरीही त्या टिकल्या. याचे कारण त्यांच्या संख्येइतकेच त्यांच्या उपजीविकेतही आहे. या मुंग्या स्वतः शेती करतात, आणि शेतकऱ्याशी लढताना त्याच्या शेताकडे दुर्लक्ष करून चालत नाही, हे समजायला माणसाला बराच काळ लागला.

ओळख आणि प्रसार

पर्णकर्तक मुंग्यांच्या सुमारे पन्नास प्रजाती ज्ञात असून त्यांतील बहुतेक ‘अट्टा’ आणि ‘ॲक्रोमर्मेक्स’ या दोन गणांत मोडतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सास आणि लुईझियानापासून मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांमार्गे थेट अर्जेंटिनापर्यंत त्यांचा आढळ आहे. आशिया, आफ्रिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया या खंडांत त्या नाहीत. ब्राझीलमध्ये अट्टा मुंगीला ‘सऊवा’ म्हणतात, क्यूबात ‘बिबिहाग्वा’, तर मध्य अमेरिकेत ‘सोम्पोपो’. एकाच किड्याला प्रत्येक प्रदेशाने स्वतंत्र नाव द्यावे, यावरूनच त्याच्याशी असलेला रोजचा संबंध ध्यानात येतो.

आंब्याच्या झाडावर पाने एकमेकांना जोडून घरटे करणाऱ्या आपल्याकडील तांबड्या मुंग्यांशी यांची गल्लत करू नये. त्या मुंग्या शिकारी आहेत आणि इतर किडे खाऊन बागेला अनेकदा उपकारकच ठरतात. गुलाबाच्या पानांना गोल कापे घेणारी पर्णकर्तक मधमाशी हाही निराळाच कीटक आहे. येथे ज्यांचा विचार करावयाचा आहे त्या मुंग्या पाने कापतात, वाहून नेतात, परंतु ती खात मात्र नाहीत.

पानांचे होते काय?

हे कोडे निसर्गशास्त्रज्ञांना दीर्घकाळ सुटले नव्हते. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षे ॲमेझॉनच्या खोऱ्यात काढली. एका रात्री त्यांच्या घरातील कसाव्याच्या पिठाच्या टोपल्यांवर सऊवांची धाड पडली. दाण्यागणिक पीठ पळविणाऱ्या रांगा पायाखाली चिरडूनही थांबेनात, तेव्हा बेट्स यांनी वाटेवर दारू पसरून ती पेटवली, आणि असे अनेक वेळा केल्यावरच मुंग्या हटल्या. त्यांचे निरीक्षण अचूक होते, पण निष्कर्ष चुकला. वारुळाच्या तोंडावरील मातीचे घुमट शाकारण्यासाठी ही पाने नेली जात असावीत, असे त्यांनी १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिहिले.

खरे उत्तर निकाराग्वातील सोन्याच्या खाणीवर काम करणाऱ्या टॉमस बेल्ट या अभियंत्याच्या हाती लागले. त्यांच्या बागेची मुंग्यांनी धूळधाण केली होती, म्हणून त्यांनी वारुळे खणून पाहिली. आत ताजी पाने साठवलेली नव्हती. होते ते तपकिरी, स्पंजासारखे गोळे आणि त्यांवर पांढऱ्या बुरशीचे जाळे. वारूळ विस्कटले की मुंग्या या गोळ्यांचा कण न् कण उचलून सुरक्षित जागी हलवीत. मुंग्या पानांचे खत करून त्यावर बुरशी वाढवितात आणि ती खाऊन जगतात, असे अनुमान बेल्ट यांनी १८७४ साली मांडले. पुढे जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड म्योलर यांनी दक्षिण ब्राझीलमध्ये राहून १८९३ साली या बुरशीच्या बागांचे सविस्तर वर्णन केले आणि बेल्ट यांचे अनुमान पक्के झाले.

ही शेती शिस्तीने चालते. मोठ्या कामकरी मुंग्या पाने कापून आणतात. त्याहून लहान मुंग्या तुकड्यांचे बारीक कण करून त्यांचा लगदा बनवितात आणि त्यावर विष्ठेचा द्रव सोडतात. जुन्या बुरशीचे तंतू आणून नव्या थरावर ‘लावणी’ केली जाते. सर्वांत लहान मुंग्या ‘निंदणी’ करतात, म्हणजे परक्या बुरशीचे कण वेचून बाहेर काढतात. बुरशीच्या तंतूंच्या टोकांना पौष्टिक द्रव्याने भरलेल्या सूक्ष्म गाठी येतात. त्या अळ्यांना भरविल्या जातात. प्रौढ मुंग्या काही प्रमाणात पानांचा रसही पितात, पण पिल्लांचे पोषण संपूर्णपणे या बागेवर अवलंबून असते. बुरशीलाही मुंग्यांवाचून तरणोपाय नाही.

माणसाच्या शेतीला दहा-बारा हजार वर्षे झाली. मुंग्यांच्या बुरशीशेतीचा उगम मात्र सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉरांचा अंत करणाऱ्या अशनीच्या आघाताच्या सुमाराचा असावा, असा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने काढला आहे. ताजी हिरवी पाने कापून खत म्हणून वापरण्याची पद्धत त्यानंतर बऱ्याच काळाने आली.

वारुळाचा पसारा

पावसाळ्याच्या आरंभी पंख असलेल्या तरुण राण्या आणि नर आकाशात झेपावतात. मीलनानंतर राणी जमिनीवर उतरते, पंख गाळते आणि बीळ खणून स्वतःला कोंडून घेते. माहेरहून निघताना तिने तोंडातील एका लहानशा पिशवीत बुरशीचा गोळा आणलेला असतो. नवी बाग त्याच विरजणावर सुरू होते. सुमारे तीन महिन्यांनी वारुळाचे तोंड उघडते आणि पहिल्या कामकरी मुंग्या पाने आणायला बाहेर पडतात.

या तीन महिन्यांत निसर्ग मोठी छाटणी करतो. पक्षी, आर्माडिलो, इतर मुंग्या, पाऊस, परकी बुरशी, इतकेच नव्हे तर राण्यांची शिकार करणारा एक शेणकिडाही त्यांच्या मागावर असतो. साओ पावलो येथील जीवशास्त्र संस्थेतील कीटकशास्त्रज्ञ मारियो आउतुओरी यांनी नोंद ठेवलेल्या ३,५५८ नव्या वारुळांपैकी तीन महिन्यांनंतर अवघी ९० जिवंत राहिली होती. परंतु जे वारूळ तगते ते फोफावते. पूर्ण वाढलेल्या वारुळात लक्षावधी कामकरी मुंग्या असतात आणि राणी दहा वर्षांहूनही अधिक काळ अंडी घालत राहते.

आउतुओरी यांनीच साडेसहा वर्षे वयाचे एक वारूळ खणून मोजले. त्यात १,९२० दालने आढळली आणि त्यांपैकी २३८ दालनांत बुरशीच्या बागा होत्या. मुंग्यांनी वर आणून टाकलेली माती सुमारे ४० टन भरली. या एका वारुळाने आपल्या आयुष्यात जवळजवळ सहा टन पाने नेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. काही प्रजातींची वारुळे जमिनीत सात मीटर खोल जातात. अशा वस्तीच्या तोंडावर औषध फवारणे म्हणजे किल्ल्याच्या दरवाजावर पाणी शिंपडण्यासारखे आहे.

शेताकडे मोर्चा का वळतो?

उष्ण कटिबंधातील अरण्यात तयार होणाऱ्या एकूण पानांपैकी १२ ते १७ टक्के पाने या मुंग्या नेतात, असा अंदाज आहे. तरी अरण्य उजाड होत नाही. तेथे शेकडो जातींची झाडे मिसळून वाढतात, अनेकांच्या पानांत चीक, राळ किंवा बुरशीला घातक द्रव्ये असतात. मुंग्या थोडे इथून, थोडे तिथून घेतात आणि वाटा बदलत राहतात.

शेतात हा समतोल उरत नाही. माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून पिकांची पाने कोवळी केली, त्यांतील कडूपणा व कठीणपणा कमी केला आणि एकाच जातीची हजारो रोपे ओळीने लावली. मुंगीच्या दृष्टीने हे आयते कोठारच होय. त्यातच जंगल तोडले की कडेला झपाट्याने वाढणारी, मऊ पानांची झाडेझुडपे माजतात, आणि आर्माडिलोसारखे शत्रू कमी होतात. तुटक उरलेल्या जंगलांच्या कडांवर वारुळांची संख्या वाढते, हे ब्राझीलमधील अभ्यासांत दिसून आले आहे. या मुंगीला ‘कीड’ बनविण्यात शेतीच्या विस्ताराचा वाटा मोठा आहे.

नुकसानीची यादी लांबलचक आहे. संत्री-मोसंबी, कॉफी, कोको, कसावा, मका, कापूस, भाजीपाला असे काहीच सुटत नाही. अट्टा गणातील काही प्रजाती गवतच कापतात, त्यामुळे उसाचे मळे आणि गुरांची कुरणे त्यांच्या तोंडी येतात. ब्राझीलमध्ये लाकूड व कागदाच्या लगद्यासाठी निलगिरीची विस्तीर्ण लागवड आहे. मूळच्या ऑस्ट्रेलियातील या झाडाचा मुंग्यांशी पूर्वी कधीही संबंध आला नव्हता, तरीही त्यांनी ते आपलेसे केले. लावणीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत रोप ओरबाडले गेले की ते मरते किंवा कायमचे खुरटते. टेक्सास आणि लुईझियानात हिवाळ्यात इतर हिरवा पाला नसला की पाइनच्या नव्या रोपांवर संक्रांत येते.

मोठ्या कंपनीला हे नुकसान हिशेबात धरता येते. दोन-चार एकरांवर कसावा लावणाऱ्या कुटुंबाला मात्र एका वारुळामुळे हंगाम गमवावा लागतो. १८१६ ते १८२२ या काळात ब्राझीलमध्ये फिरलेले फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ओग्युस्त द सेंत-इलेर यांच्या नावावर एक उद्गार सांगितला जातो, त्याचा आशय असा की ब्राझीलने मुंगीला संपवले नाही तर मुंगी ब्राझीलला संपवील. लिमा बारेतो यांच्या १९१५ साली पुस्तकरूपाने आलेल्या, पोलिकार्पो क्वारेज्मा या देशभक्ताच्या शोकांत कादंबरीत मायभूमीच्या सुपीकतेवर श्रद्धा ठेवून शेती करू पाहणाऱ्या नायकाचा पराभव करण्यात सऊवांचा हात आहे. ब्राझीलच्या वाचकाला त्यात अतिशयोक्ती वाटली नसावी.

धुरीपासून आमिषापर्यंत

एकोणिसाव्या शतकात शेतकरी वारुळे खणून काढीत, त्यांत पाणी सोडीत किंवा भात्याने गंधक व सोमलाचा धूर भरीत. पुढे कार्बन डायसल्फाइड हा ज्वालाग्राही द्रव वारुळात ओतून पेटविण्याची पद्धत आली. ब्राझीलमध्ये कापानेमाच्या बॅरनचे मुंगीनाशक त्या काळी प्रसिद्ध होते. विसाव्या शतकात मिथिल ब्रोमाइडचा विषारी वायू आणि त्यानंतर आल्ड्रिन, हेप्टाक्लोर यांची भुकटी वापरली गेली. या सर्व उपायांत एकच अडचण होती. विष वरच्या दालनांपर्यंत पोहोचे, राणी खोलवर सुरक्षित राही आणि काही महिन्यांत वारूळ पुन्हा उभे राही.

१९६० च्या दशकात विचाराची दिशा बदलली. विष आत ढकलण्यापेक्षा मुंग्यांनीच ते आत न्यावे, असा मार्ग निघाला. संत्र्याचा वाळवलेला चोथा मुंग्यांना फार प्रिय. त्याच्या गोळ्यांत मिरेक्स हे विष मिसळून त्या वाटेच्या कडेला टाकल्या जाऊ लागल्या. मुंग्या त्या पानांसारख्याच उचलून नेत, त्यांचे कण करून बागेत घालीत, आणि तसे करताना विष सर्व वस्तीत पसरे.

या युक्तीचे मर्म विषाच्या तीव्रतेत नसून त्याच्या संथपणात आहे. झटपट मारणारे विष असेल तर गोळी नेणारी मुंगी वाटेतच मरते आणि उरलेल्या वस्तीला धक्का लागत नाही. शिवाय या मुंग्या आपल्या पिकावर सतत लक्ष ठेवून असतात. नव्याने आणलेल्या पानामुळे बुरशीला अपाय झाला, तर काही तासांतच कामकऱ्यांना ते कळते आणि ते पान आणणे त्या बंद करतात. हा नकार त्या अनेक दिवस लक्षात ठेवतात. म्हणून आमिष असे हवे की मुंगीलाही लगेच कळू नये आणि बागेलाही लगेच झळ पोहोचू नये. मुंगीची शेती समजल्यावरच तिचे नियंत्रण साधले ते असे.

उपायाची किंमत

नियंत्रण साधले खरे, पण त्याची किंमत पुढे आली. मिरेक्स निसर्गात नष्ट होत नाही आणि प्राण्यांच्या चरबीत साठत जाते. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांविषयीचा स्टॉकहोम करार २००१ साली झाला, तेव्हा त्यातील पहिल्या बारा रसायनांत आल्ड्रिन, हेप्टाक्लोर आणि मिरेक्स ही तिन्ही होती. मुंग्यांविरुद्धच्या लढाईतील तीन प्रमुख शस्त्रे जगाने एकाच यादीत घातली. ब्राझीलने मिरेक्सचा वापर १९९० च्या दशकाच्या प्रारंभीच थांबवला होता.

त्याची जागा सल्फ्लुरामिडने घेतली. आमिषात त्याचे प्रमाण अवघे ०.३ टक्के असते आणि ते हव्या त्या संथपणे काम करते. परंतु सल्फ्लुरामिडचे विघटन झाले की त्यातून पीएफओएस या नावाने ओळखले जाणारे फ्लुओरीनयुक्त रसायन तयार होते, आणि ते मातीत व पाण्यात अत्यंत दीर्घकाळ टिकते. २००९ साली पीएफओएसचा समावेश स्टॉकहोम करारात झाला, तेव्हा अट्टा आणि ॲक्रोमर्मेक्स मुंग्यांच्या आमिषाला अपवाद म्हणून मुभा देण्यात आली. २०१९ साली ती केवळ शेतीतील वापरापुरती मर्यादित करण्यात आली. एका मुंगीसाठी जागतिक करारात स्वतंत्र कलम ठेवावे लागावे, यावरून प्रश्नाची तीव्रता कळते. पर्याय नसल्याने अपवाद हवा, असे लागवडदार म्हणतात. अपवाद असेपर्यंत पर्याय शोधण्याची निकड भासणार नाही, असे पर्यावरणवाद्यांचे म्हणणे आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. फिप्रोनिलयुक्त आमिषेही वापरात आहेत, परंतु ते मधमाश्यांना आणि जलचरांना घातक आहे.

जैविक नियंत्रणाचे प्रयोग पुष्कळ झाले. कीटकांना रोग आणणाऱ्या बुरशी, मुंग्यांच्या डोक्यात अंडी घालणाऱ्या माश्या, बागेतील बुरशीवर वाढणारी ‘एस्कोव्होप्सिस’ ही परजीवी बुरशी, अशी नावे पुढे आली. पण मुंग्यांकडे त्यांवरही उतारे आहेत. त्या एकमेकींचे अंग साफ करतात, रोगट भाग उचलून कचऱ्याच्या दालनात टाकतात, आणि ॲक्रोमर्मेक्स मुंग्या तर अंगावर बाळगलेल्या जिवाणूंच्या प्रतिजैविकांनी परजीवी बुरशीला आवर घालतात. प्रयोगशाळेत जिंकलेली लढाई शेतात हरली जाते ती यामुळे.

लहान शेतकऱ्याचे उपाय

रसायनांचा खर्च न परवडणाऱ्या शेतकऱ्यांनी काही साधे उपाय टिकवून धरले आहेत. मीलनोड्डाणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत शेत नजरेखालून घालून नवी वारुळे शोधणे आणि कुदळीने खणून राणी काढून टाकणे, हा त्यांतील सर्वांत खात्रीचा. या वयात राणी वीत-दीड वीत खोलीवरच असते. वारूळ मोठे झाले की ही संधी जाते. फळझाडांच्या बुंध्याला मुंग्यांना ओलांडता न येणारे चिकट किंवा गुळगुळीत पट्टे बांधतात. एका वारुळातील कचरा आणून दुसऱ्या वारुळाच्या वाटेवर किंवा रोपाभोवती टाकला, तर मुंग्या काही काळ ती जागा टाळतात, कारण त्या कचऱ्यात रोगाचा धोका त्यांना जाणवतो.

आणखी एक उपाय आपल्याला जवळचा वाटेल. ब्राझीलमध्ये काही शेतकरी पिकाच्या कडेने तीळ पेरतात. तिळाची पाने मुंग्या नेतात, आणि त्यांतील द्रव्ये बुरशीला मारक असल्याचे प्रयोगशाळेतील चाचण्यांत दिसले आहे. मोठ्या वारुळावर हा उपाय एकटा पुरा पडत नाही. परंतु मुंगीऐवजी तिच्या पिकावर मारा करण्याचे तत्त्व शेतकऱ्यांनी अनुभवाने ओळखले होते, हे लक्षणीय आहे.

निव्वळ शत्रू नव्हे

या मुंग्यांचा समूळ नाश व्हावा, असे आज कोणी जाणकार म्हणत नाही. त्या खोलवरची माती वर आणतात, जमीन भुसभुशीत करतात आणि पानांचे सत्त्व मातीत परत घालतात. कोलंबियाच्या सान्तान्देर प्रांतात पावसाच्या सुरुवातीला उडणाऱ्या राण्या पकडून, भाजून, मीठ लावून आवडीने खाल्ल्या जातात आणि त्यांना चांगला भाव मिळतो. ब्राझीलच्या ग्रामीण भागातही त्या कसाव्याच्या पिठासोबत परतून खातात. वर्षभर शेत लुटणाऱ्या मुंगीकडून घेतलेली ही थोडीशी वसुलीच म्हणावी.

आपल्यासाठी काय?

भारतात पर्णकर्तक मुंग्या नाहीत, आणि त्या येऊ न देणे हेच शहाणपणाचे आहे. कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूप बेटावर ॲक्रोमर्मेक्सची एक प्रजाती पूर्वी नव्हती. १९५४ साली ती तेथे प्रथम आढळली आणि नंतर बेटभर पसरली. रोपे आणि माती यांच्या आयातीवर संगरोधाचे नियम का पाळावयाचे, याचे हे बोलके उदाहरण आहे.

बुरशीची शेती करणारे कीटक मात्र आपल्याकडेही आहेत. ऊस आणि भुईमुगाची मुळे पोखरणारी वाळवी वारुळात बुरशी वाढवूनच जगते. पावसाळ्यात गोव्यातील बाजारात मोठ्या मोलाने विकली जाणारी वारुळावरची अळंबी हे त्याच बुरशीचे फळ. ज्या वारुळाला आपण एका शेतात उपद्रव मानतो, त्याचीच दुसऱ्या जागी वाट पाहतो.

पर्णकर्तक मुंग्यांच्या इतिहासातून निघणारा धडा साधा आहे. जोवर माणूस केवळ मुंगीला मारू पाहत होता, तोवर तो हरत होता. ती काय पिकवते हे कळल्यावर मार्ग सापडला. आता त्या मार्गावर सांडलेले विष आपल्याच मातीत किती काळ राहणार, याचा हिशेब चुकता करण्याची वेळ आली आहे. कोट्यवधी वर्षे टिकलेल्या शेतकऱ्याशी लढताना आपली शेतीही टिकली पाहिजे, हे भान सुटता कामा नये.